निळ्या घोड्याचे पाय

सिंधूवहिनी — माझ्या थोरल्या भावाची बायको. या जगात मी कुणाच्या सर्वात जास्त ऋणात असेन तर तिच्या. तिचं नाव आधीच लिहून टाकतो, कारण पुढं माझा हात अडखळणार आहे, आणि हात अडखळला की मी भलतंच काहीतरी सांगत बसतो. आता जे सांगणार आहे ते मी आईला सांगितलं नाही, दादाला नाही, लग्न झाल्यावर बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय. तुम्ही माझे कोण? ठाऊक नाही — पण समोर मित्र बसलाय असं धरून चाललो तरच हे तोंडातून निघेल.

आधी आनंदाची बाजू सांगू का? ती खरोखरच मोठी आहे.

हिंगोलीच्या एसटी स्टँडवर पुस्तकांचा एक स्टॉल होता. तिथं एका सकाळी 'नीला सवार'चा नवा अंक आला आणि त्याच्या शेवटच्या पानावर माझ्या वहिनीने काढलेला घोडा होता. निळा. चारही पाय जमिनीपासून सुटलेले, आयाळ मागं उडालेली, पाठीवर पिवळ्या पागोट्याचा सवार, आणि खोगिराला लटकवलेल्या झोळीतून बाहेर डोकावणारी दोन कोकरं. खाली तिचं नाव, आमच्या गावाचं नाव, जिल्हा हिंगोली. आमच्या गावाचं नाव तोवर मी एसटीच्या पाटीवर सोडून कुठं रंगवलेलं पाहिलं नव्हतं. दादाने स्टॉलवर होते तेवढे सगळे अंक उचलले. स्टॉलवाला म्हणाला, "मामा, एकाच पुस्तकाच्या इतक्या प्रती काहून?" दादा म्हणाला, "आमच्या घरचं घोडं हाय ह्याच्यात."

हा आनंद मी डोळ्यांनी पाहिला. आणि त्या आनंदात माझा किती वाटा आहे, हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. लोकांना वाटत होतं, फार मोठा वाटा आहे.

आम्ही मेंढरं राखणारी माणसं. गाव औंढ्याजवळचं, थोडी कोरडवाहू जमीन, पण घर चालायचं ते कळपावर. पाऊस सरला की कळप घेऊन बाहेर पडायचं आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परत यायचं. बिऱ्हाड तट्टावर लादलेलं — वाकळा, भांडी, कोंबड्या, चालता न येणारी कोकरं झोळीत. कळपामागं गडीमाणसं, तट्टामागं बाया. मी सातवी पास झालो त्या वर्षी दादाने ठरवलं, आता किसन कळपामागं येईल. दादाचं चुकत नव्हतं. एक माणूस कमीच पडायचा.

वहिनी तेव्हा लग्न होऊन नवीनच आली होती. ती स्वतः आठवी शिकलेली, पुढं शिकायचं तिच्या मनात होतं, ते राहून गेलं. सासऱ्यासमोर अजून पदर सावरून बोलायची. तरी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "भाऊजींच्या वाटणीची मेंढरं मी वळीन. त्यांला शाळेत राहू द्या." आबा — माझे वडील — हसले. बाईमाणूस काठी घेऊन कळपामागं? लोक काय म्हणतील? लोक म्हणालेच. वहिनीने काठी घेतली. सकाळी तट्टू लादायचं तिने, दिवसभर कळप वळायचा तिने, मुक्कामाला तट्टू उतरवून त्याच्या पुढच्या दोन पायांत पायबंद — म्हणजे आखूड दोरी — बांधून ते चरायला सोडायचं तेही तिनेच. मी वसतिगृहात राहून दहावी झालो, बारावी झालो, हिंगोलीच्या कॉलेजात गेलो. आमच्या घराण्यात पदवीधर झालेला पहिला माणूस मी. त्या पदवीखाली तिचे पाय आहेत. चाललेले.

आता 'नीला सवार'. ते हिंदीतलं चित्रकथांचं पुस्तक, दर महिन्याला यायचं. निळ्या घोड्यावरून येणारा, तोंडाला फडकं बांधलेला एक वीर, जुलमी माणसांचा बंदोबस्त करायचा. शाळेत असताना मला त्याचं वेड लागलं. सुट्टीत मी अंक घरी न्यायचो, तर वहिनी माझ्याआधी वाचून काढायची. आणि चित्रं काढायची. मीही काढायचो. आमच्या दोघांचा हाच छंद — दीर-भावजयीच्या नात्यात इतका सरळ आनंद मी दुसऱ्या कुठल्या घरी पाहिला नाही. मी छापील चित्रावर पेन्सिलीने चौकोन पाडायचो, कागदावर तेवढेच चौकोन पाडायचो आणि एकेक चौकोन उतरवायचो. शाळेत तसंच शिकवलं होतं. माझा घोडा हुबेहूब छापील घोड्यासारखा व्हायचा. वहिनी चौकोन पाडायची नाही. जुन्या कॅलेंडरच्या पानाची कोरी बाजू घ्यायची, बॉलपेनने रेघ मारायची आणि रंगाला घरात असेल ते — पागोट्याला हळद, मातीला गेरू, आणि घोड्याला कपड्यांची नीळ. आबा कुरकुरायचे, "माझं धोतर पिवळं पडलं अन् घोडं मातर निळंशार! सूनबाई, एखाद बारी धोतराला बी नीळ दाव."

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा स्टँडजवळ नेट कॅफे निघालं. हिंगोली जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते, गावात जे काही निघायचं ते नवंच. तिथं मला 'नीला सवार'च्या चाहत्यांचं एक पान सापडलं. देशभरातली पोरं स्वतः काढलेली सवाराची चित्रं तिथं लावायची आणि बाकीचे खाली मत लिहायचे — हिंदी भाषा, इंग्रजी अक्षरं. मी माझी चित्रं स्कॅन करून लावली. खाली आलं, 'अच्छा है.' कुणी लिहिलं, 'ठीक है भाई.' मी भारावून गेलो. औंढ्याकडच्या पोराला भोपाळचा माणूस ठीक म्हणतो!

मग मला वाटलं, वहिनीचीही लावू. हे मला मनापासून वाटलं होतं, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो — यापुढं माझ्या बाजूने लिहायला फारसं काही नाही.

तिच्या तीन-चार चित्रांखाली जे आलं ते माझ्या चित्रांखाली कधी आलं नव्हतं. 'यह किसने बनाया?' 'यह रंग कहाँ मिलता है?' 'और दिखाइए.' एकाने लिहिलं होतं, हा घोडा लांबून चालून आल्यासारखा दमलेला दिसतो, छापील घोडा कधी दमत नाही. मी खुर्चीवर बसून वाचत होतो आणि माझं मन — कसं सांगू? मनात आधी आनंदच आला. नंतर त्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आलं आणि त्याने आनंदाला बाजूला सारलं. चौकोन मी पाडतो. शिकतो मी. कॉलेजात मी जातो. आणि 'और दिखाइए' तिला?

त्या आठवड्यात घरी गेलो तेव्हा वहिनीने विचारलं, "काय म्हनले लोक?" मी म्हणालो, "पाहिलं लोकांनी. बरं म्हणाले." एवढंच. बाकीचं मी खिशात ठेवल्यासारखं ठेवून घेतलं.

पुढचं चित्र तिने फार मन लावून काढलं होतं. मोठं, कॅलेंडरच्या पुऱ्या पानाचं. सवार खाली उतरलाय, विहिरीवर पाणी पितोय, आणि घोडा बाजूला उभा आहे. मी पाहिलं आणि लगेच ओळखलं. घोड्याचे पुढचे दोन पाय एकमेकांना चिकटलेले, अंगाचा भार थोडा मागं, मान खाली. दोरी काढली नव्हती — एवढ्या मोठ्या वीराच्या घोड्याला दोरी कशी असेल? पण तिने आयुष्यात निवांत उभा राहिलेला जो घोडा पाहिला होता तो म्हणजे मुक्कामावरचं आमचं तट्टू, आणि तिनेच त्याला पायबंद घातलेला असायचा. दोरी डोक्यातून गेली, पाय हातातून तसेच उतरले.

आता ऐका. त्या पानावरच्या एवढ्या माणसांत ते पाय तसे का आहेत हे कळू शकणारा, माझ्या समजुतीप्रमाणे, मी एकटा होतो. आणि मी काय केलं?

चित्र त्या पानावर लावलं आणि मग एक नवीन नाव घेतलं. 'पारखी.' पुण्यात चित्रकला शिकलेला, असं खाली लिहिलं. आणि तिच्या चित्राखाली टाइप केलं —

'यह घोड़ा है या गधा? अगले पैर ऐसे चिपके हैं जैसे किसी ने बाँध दिए हों। जिसने कभी दौड़ता घोड़ा न देखा हो, वह नीला सवार को हाथ न लगाए।'

जैसे किसी ने बाँध दिए हों. बघा ना. मला माहीत होतं, आणि जे माहीत होतं त्याचीच मी टिंगल केली. ती माझ्या वाटणीची मेंढरं वळत असताना जो घोडा तिच्या डोळ्यांत बसला, त्याला मी गाढव म्हणालो.

मग मी ते वहीत उतरवून घेतलं, गावी नेलं आणि तिला वाचून दाखवलं. अंगणात ती एका आईविना कोकराला बाटलीने दूध पाजत होती. मी म्हणालो, पुण्याचे एक जाणकार आहेत, त्यांनी लिहिलंय. आणि वाचलं. सगळं. गधा हा शब्दसुद्धा गाळला नाही. गाळता आला असता की नाही?

ती कोकराकडं बघत होती. बाटली तशीच धरून म्हणाली, "खरंच हाय की. आमी कुठं पाह्यले पळते घोडे. आपलं तट्टू अन् आपुन." मग म्हणाली, "त्या सायबाला सांगा भाऊजी, तकलीफ घेतली म्हनून. येवढं बघून लिवलं."

तिने आभार मानले. आणि मी काय केलं ते माझं मलाच अजून खरं वाटत नाही. मी कॅफेत परत आलो, तिच्या नावाने पारखीचे आभार टाइप केले, आणि मग पारखी होऊन तिला उत्तर दिलं — 'ठीक है। मेहनत करो।'

तिने चित्रं काढायचं थांबवलं. भांडण नाही, रडणं नाही. कॅलेंडरची पानं डब्यांखाली अंथरली गेली आणि नीळ पुन्हा कपड्यांकडं गेली. आबांचं धोतर पांढरंशुभ्र झालं. आबांनाच ते आवडलं नाही. "घरात येवढं पांढरं बरं न्हाई दिसत," असं काहीतरी पुटपुटले होते.

आणखी एक कबूल करतो. पारखीला मान मिळाला. किसनच्या चित्राला 'ठीक है' म्हणणारे लोक पारखीला 'सर' म्हणू लागले. नवीन पोरं चित्र लावून खाली लिहायची, 'पारखी सर, आपकी राय?' जो कौतुक करतो त्याला लोक भला माणूस समजतात आणि जो कडक बोलतो त्याला जाणकार, हे मला तिथं कळलं. मी चार-सहा महिने तो मान भोगला. किती जणांना काय काय लिहिलं, सगळं आठवत नाही. आठवत नाही हेच वाईट. परीक्षा आली तेव्हा पारखी बंद केला. पुन्हा त्या पानाकडं गेलो नाही.

पदवी मिळाली, बी.एड. झालं, परभणीकडं एका शाळेत नोकरी लागली. पेढे घेऊन घरी गेलो तेव्हा वहिनीने माझी पदवी हातात धरून सगळ्या गल्लीत दाखवली होती. मी तिच्या मागं मागं चाललो होतो, मान खाली घालून. लोकांना वाटलं, पोरगं किती नम्र.

मग मंगल मोठी झाली. मंगल म्हणजे दादा-वहिनींची मुलगी. अकरावीला औंढ्याच्या कॉलेजात गेली, तिथं कॉम्प्युटर शिकली. तिला डब्यांखालची कॅलेंडरची पानं सापडली होती. एकदा मला विचारलं, "काका, आईची चित्रं लावली व्हती ते पान कोन्तं?" मी म्हणालो, "बंद पडलं ते केव्हाच." म्हणजे एवढी वर्षं गेल्यावर, शिक्षक झाल्यावरही, मी आणखी एक खोटं बोललो.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी होतो. उशिरापर्यंत पाऊस पडत राहिल्याने कळप अजून निघाला नव्हता. सकाळची वेळ, सगळे अंगणात. मंगल हातात कागदांचा गठ्ठा नाचवत आली. "काका, तुमी म्हनले बंद पडलं! चालू हाय की! सगळं छापून आनलं मी." आणि सगळ्यांना बसवून वाचायला लागली.

मी उठून तुळशीपाशी जाऊन उभा राहिलो.

तिने पहिलंच वाचलं — यह किसने बनाया. मग रंग कुठं मिळतो ते. मग दमलेला घोडा. मग और दिखाइए, और दिखाइए. वहिनी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. "हे माझ्या चित्राला लिवलं? कधी?" मंगल म्हणाली, "तवाच गं. मी पाळण्यातून उतरले असंल तवा." वहिनीने माझ्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं का? मी म्हणालो, "माझ्यानंतर आलं असेल." खोटं किती बोललो ते मोजायचं मी आता सोडून दिलंय.

मग पारखी आला. मंगलने त्याचं नाव वाचलं, त्याचा शेरा वाचला आणि म्हणाली, "कोन हाय हा आगाऊ?" दादा हसला. मी तुळशीकडं बघत राहिलो.

पण पारखीच्या खाली आणखी काहीतरी होतं. ते मी कधीच वाचलं नव्हतं — मीच लिहून, मीच उत्तर देऊन निघून गेलो होतो. कुणी रतलामचे गृहस्थ होते, निवृत्त. मंगलने एकेक शब्द लावत वाचलं — 'पारखी साहब, मैंने सारी नौकरी घुड़सवार पुलिस में काटी है। जिस घोड़े के अगले पैर बाँधकर चरने छोड़ा जाए, वह ठीक ऐसे ही खड़ा होता है। बनाने वाले ने देखकर बनाया है। आपने बिना देखे लिखा है।'

मग वहिनी पिठाच्या हातांनीच उभी राहिली आणि हसायला लागली. मी तिला इतकं मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. "अवो, वळखलं की त्यानं! पायबंद वळखलं! म्या दोरी न्हाई काढली तरी वळखलं!" डोळ्यांतून पाणी, आणि हसू थांबेना. "आबा, ऐकलं का? तिकडं रतलामच्या मानसाला आपलं तट्टू दिसलं!"

आबा म्हणाले, "दिसनारच. घोडं हाय ते, मुंगी हाय व्हय?"

वहिनी परसाकडं वळली. तट्टू तिथंच चरत होतं, पायांत दोरी. तिने मला हाक मारली. "भाऊजी, सोडा बरं तेवढं पायबंद. पळताना कसं दिसतंय ते बघतेच आता मी. लिवलं व्हतं ना त्या सायबानं — दौडता घोडा पाह्यला न्हाई."

मी खाली बसलो. त्या गाठीला माझे हात लागले. ती गाठ मला सोडता येईना — शिकलेल्या हातांना सवय नव्हती. वहिनी वाकली, एक टोक ओढलं, दोरी सुटली. तिने ती माझ्या हातात दिली.

मग जे झालं ते आठवलं की मला आजही गुदगुल्या होतात. दादा तट्टावर बिनखोगीर बसला आणि त्याने त्याला रानातून पिटाळलं. हरभऱ्यासाठी तयार केलेल्या वावरातून इकडून तिकडं, तिकडून इकडं. आबा काठी आपटून ओरडत होते, "अरं वाफे तुडवून राहिला बैताडा!" आणि लगेच, "अजून जोरात! तिला पाय दिसंना!" मंगल टाळ्या पिटत होती, गल्लीतली माणसं कुंपणाशी जमली होती. वहिनी बांधावर उभी, डोळे बारीक करून नुसती पायांकडं बघत होती. दादा धापा टाकत म्हणाला, "झालं का वो?" ती म्हणाली, "थांबा. मागचे पाय राह्यले." तट्टू थकलं, दादा थकला, ती थकली नाही. दुपारी कॅलेंडरचं पान भिंतीवरून उतरलं — महिना संपायचा होता तरी.

आबांचं धोतर त्या दिवाळीपासून पुन्हा पिवळं पडायला लागलं. तेच धोतर घालून ते गावभर सांगत हिंडायचे की माझी सून घोडे काढते.

चित्रामागून चित्र निघालं. मंगल औंढ्याहून ते पाठवायची. पुढच्या वर्षी 'नीला सवार'वाल्यांनी चाहत्यांच्या चित्रांतून एक निवडलं, ते तिचं. बाकीचं तुम्हाला सुरुवातीला सांगितलं.

आणि मग गावातल्या शाळेने तिचा सत्कार ठेवला. नारळ, शाल, ध्वनिक्षेपक. मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. वहिनी पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिली. कशीबशी दोन वाक्यं बोलली, मग तिला हुरूप आला. म्हणाली, "एका सायबानं लई कडक लिवलं व्हतं, म्हनून म्या घोडं पळताना पाह्यलं. अन् माझ्या भाऊजीनं मला ते खरं खरं वाचून दावलं. गोड बोलून फसवलं न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडं बघून वाजवल्या. मी हात जोडले. हो — मी उठून हात जोडले.

तुमच्या मनात आलं असेल — शेवटी भलंच झालं ना? कडक शब्दाने माणूस घडतं, असं म्हणता येईल ना? मलाही ते म्हणता आलं असतं. माझ्यासाठी ते तयार होऊन समोर आलं होतं, खुद्द तिच्याच तोंडून. पण ते खरं नाही. मी त्या अंगणात होतो. ती उठली ते पारखीच्या शब्दाने नाही. पारखीच्या शब्दाने ती बसली होती, पुरी मंगल मोठी होईपर्यंत. ती उठली ते रतलामच्या माणसाने 'देखकर बनाया है' लिहिलं म्हणून. पळता घोडा बघायची इच्छा तिला तेव्हा झाली, जेव्हा उभा घोडा बरोबर होता हे कळलं. मधल्या वर्षांत जे घोडे कागदावर यायचे राहिले ते कुठं आहेत? ते मी खाल्ले.

आता वर्गात एखाद्या लेकराचं चित्र चमत्कारिक दिसलं की मी लाल पेन खाली ठेवतो आणि विचारतो, हे तू कुठं पाहिलंस? दर वेळी ते कुठंतरी पाहिलेलंच निघतं.

सत्कारानंतर परभणीला आलो आणि पत्र लिहिलं. गावी जाऊन तोंडाने सांगायला हवं होतं, ते झालं नाही. पेटीत टाकलं तेव्हा हात हलका झाला असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. पत्र असं होतं —

तीर्थरूप सौ. वहिनींस,

किसनचा शिरसाष्टांग नमस्कार.

पारखी नावाचा कुणी साहेब पुण्यात नाही. पारखी मी होतो. तुमच्या घोड्याला गाढव मी म्हणालो, आणि तेच तुम्हाला अंगणात वाचून दाखवलं ते मीच. तुमच्या चित्रांना लोक चांगलं म्हणत होते ते मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही साहेबाचे आभार मानले ते मी घेतले. मंगलला पान बंद पडलं म्हणालो, ते खोटं होतं. शाळेत तुम्ही माझं नाव घेतलंत तेव्हा मी हात जोडले, तेही खोटंच.

हे मी जळून केलं. दुसरं कारण नव्हतं.

हे पत्र तुम्ही आबांना, दादाला, मंगलला, कुणालाही वाचून दाखवा. सत्कारात म्हणालात ते खोडून काढायचं असेल तर माझ्या नावाने खोडा. उत्तर लिहायचं नाही असं वाटलं तर लिहू नका.

विहिरीवरचं ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या मनात जे आलं होतं, ते त्याच्याखाली लिहायचं राहिलं. ते आता लिहितो —

घोडा बराबर आहे. पायबंद घातलेलं आपलं तट्टू असंच उभं राहतं. मी घरचा आहे, मला माहीत आहे.

— किसन